'ओके'ची खरी जन्मकथा

'ओके'चा उगम सांगणारा तो मेसेज परवा पुन्हा आला. अमेरिकन यादवी युद्धात एकही सैनिक न गमावलेल्या दिवशी फलकावर 'झिरो किल्ड' लिहायचे, त्याचं म्हणे ओके झालं. ते युद्ध सुरू झालं १८६१ साली. आणि हा शब्द २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये छापलेला आहे!

त्या काळी बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत आद्याक्षरं लिहायची टूम निघाली होती. त्यात गंमत म्हणून स्पेलिंगही मुद्दाम चुकवायचे. 'ऑल करेक्ट'मधल्या 'ए'च्या जागी 'ओ', 'सी'च्या जागी 'के', झालं ओके. 'ऑल राइट'चंही असंच, 'राइट'च्या आधी उगाच डब्ल्यू लावून, 'ओ.डब्ल्यू.' केलं होतं, ते केव्हाच विरून गेलं. ओके तगला तो निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे राहिले. गाव किंडरहुक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक'. समर्थकांनी ओके क्लब काढले. व्हॅन ब्यूरेन पडले, शब्द मात्र देशभर पोचला.

हे सगळं शोधलं अ‍ॅलन वॉकर रीड या भाषाअभ्यासकाने. जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून १९६३-६४ मध्ये त्यांनी लेख लिहिले. त्याआधी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनसुद्धा हा शब्द चोक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या भाषेतला समजायचे आणि 'ओकेह' असं लिहायचे. रीड यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शब्दाची गोष्ट सांगताय ना, मग तारीख आणि छापील ओळ दाखवा! "याचा फुल फॉर्म माहितीये का?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारायला हवं. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हीसुद्धा थापच. 'न्यू'चं साधं अनेकवचन आहे ते.

आणि खरी मजा तर शब्द आपल्याकडे आल्यावर आहे. सिनेमा "ओके-ओके" होता म्हणजे यथातथाच. साहेबांनी फाईल "ओके केली" म्हणजे मंजुरी. फोन ठेवताना "ओके, ओके" म्हणजे निरोप. भांडणानंतर आलेला नुसता "ओके" म्हणजे राग अजून गेलेला नाही. आणि 'क'वर जोर दिला की अर्थच चढतो. २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून झालेलं फोनवरचं बोलणं गाजलं आणि "ओक्के" घरोघरी पोचलं. झाडी, डोंगार, हाटील, सगळं ओक्के! यात तक्रारीला जागाच नाही. इंग्रजीतला ओके 'चालेल, ठीक आहे'च्या आसपासच राहतो, इतका खूश तो क्वचितच होतो.