‘रविवारी झोप भरून काढा, डोकेदुखी पळेल’: हा सल्ला उलटा का पडतो

मोबाइलवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा: सकाळी डोकं दुखतं म्हणजे झोप कमी पडते, रविवारी दहापर्यंत झोपा, तोवर रोज गोळी घ्या आणि ओकारी झाली तर ते जागरणाचं पित्त समजा.

‘दहापर्यंत झोपा.’ अर्धशिशी असलेल्यांना जागरण बाधतं, तशी जास्तीची झोपही बाधते. त्यात चहाचा हिशेब कोणी धरत नाही. शनिवारी संध्याकाळी पाचला शेवटचा कप घेतला आणि रविवारी दहाला उठलात, तर मध्ये 17 तास गेले. रोजचं कॅफीन तुटलं की साधारण 12 ते 24 तासांत डोकं धरतं. वर नाश्ताही लांबलेला. म्हणून उठण्याची वेळ सातही दिवस तीच ठेवा, फार तर अर्धा तास पुढेमागे. जागरण झालंच तर दुपारी तीनच्या आत 20 मिनिटं पडा, गजर लावून. रात्री झोपच लागत नसेल, तर तेवढंही नको. चहा कमी करायचा असेल तर दर तीन-चार दिवसांनी एकेक कप.

‘सकाळी दुखतं म्हणजे झोप कमी.’ आठ तास झोपूनही दुखत असेल तर घोरण्याची चौकशी करा. ती शेजारी झोपणाऱ्याकडेच होते. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं डोकं बहुधा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं दुखतं आणि उठल्यावर चार तासांच्या आत ओसरतं. त्यांना जास्त झोप नको, झोपेची तपासणी हवी. कानशिलं आणि जबडा दुखत असेल, तर रात्री दात खाता का ते दंतवैद्याकडून बघून घ्या.

‘ओकारी म्हणजे पित्त.’ मळमळ हा अर्धशिशीचाच भाग आहे. अर्धशिशीचा झटका आला की जठराचं काम मंदावतं, म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही. शिवाय झटका येण्याच्या आदल्या दिवशी जांभया येतात, पेंग येते. त्यामुळे ज्या झोपेला आपण कारण म्हणतो, ती पुष्कळदा झटक्याची सुरुवातच असते.

‘तोवर रोज गोळी.’ यातला सगळ्यात घातक भाग हाच. साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, मिश्र वेदनाशामक (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळ्यांचीच डोकेदुखी जडू शकते. रात्रीत गोळीचा अंमल उतरतो आणि दुखणं नेमकं सकाळी येतं. मग पुन्हा ‘झोप कमी पडली’. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा. महिन्याला आठ फुल्या झाल्या की डॉक्टरांना दाखवा.

दुखणं क्षणात टोकाला गेलं, तापाबरोबर मान आखडली, बोबडी वळली किंवा हात लुळा पडला, तर मात्र ‘झोपून बघू’ म्हणू नका. थेट रुग्णालय गाठा.