ट्रॉलीच्या मागची बाजू

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, एक लांबलचक मजकूर आला. आमच्या भागातल्या साखर कारखान्याने गळीत हंगामाच्या तोंडावर सूचना लावली आहे की, ज्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर नसतील तिचे वजन काट्यावर होणार नाही. दादाचे म्हणणे असे, की हा शेतकऱ्याच्या आणि वाहतूकदाराच्या पोटावर पाय आहे. इतकी वर्षे ऊस असाच वाहिला गेला आहे. आणि मागून येणाऱ्याने डोळे उघडे ठेवून गाडी चालवली तर रिफ्लेक्टरची गरजच काय? त्याखाली पुतण्याने लिहिले, 'ही सगळी परदेशी फॅडं आहेत, तिकडचे कायदे तिकडेच ठेवा.' मग अंगठ्यांची रांग लागली. त्या ग्रुपवर 'तिकडे' राहणारा मी एकटाच आहे, म्हणून तो शब्द मला लागला. उत्तर लिहायला घेतले, ते वाढत गेले, ग्रुपवर टाकण्याजोगे राहिले नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट, हा कायदा तिकडचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत, म्हणजे हा पुतण्या जन्मायच्या आधीचे. त्यातला १०४ क्रमांकाचा नियम सांगतो की मोटार वाहनाच्या आणि ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक लाल रिफ्लेक्टर असलाच पाहिजे. त्याच्या पुढचाच नियम दिव्यांचा आहे: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागले पाहिजेत आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हे सारे दिल्लीत लिहिले गेले, आपल्या राजपत्रात छापले गेले आणि उसाची ट्रॉली ज्या आरटीओत नोंदवली जाते तिथे ते तेव्हापासून लागू आहे. कारखान्याने आज नवा नियम केलेला नाही, जुना नियम काट्यापर्यंत आणला आहे. आपल्याच घरातला कायदा पाळायची वेळ आली की त्याला परदेशी म्हणायचे, ही सवय मला इथे बसून फार खुपते.

मी राहतो त्या जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या परिसरातही साखरेचाच हंगाम चालू आहे. आमच्याकडे ऊस, इथे बीट. सप्टेंबरच्या मध्याला काम्पान्ये, म्हणजे इथला गळीत हंगाम, सुरू झाली की जानेवारीपर्यंत नॉर्डस्टेमेनच्या कारखान्यावर वाफेचा पांढरा लोट दिवसरात्र दिसतो आणि हवेत तोच गोडसर, थोडा करपट वास येतो, ज्याच्यामुळे पहिल्या वर्षी कामावरून येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काचा खाली केल्या होत्या. बीट बहुतेक ट्रकनेच जाते, पण गावातल्या शेतांतून ट्रॅक्टर आणि मागे जोडलेल्या ट्रॉल्याही येतात, धुक्यात येतात, संध्याकाळी साडेचारलाच काळोख पडल्यावर येतात. इथल्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर त्रिकोणी असतात, कारण त्रिकोण फक्त ट्रेलरला आणि मोटारीला वेगळा आकार, असा नियम आहे. वाहन कोणते हे कळायच्या आत पुढे काहीतरी जोडून ओढले जात आहे एवढे कळते. ट्रेलरला बाजूने पिवळे रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत आणि ते एकमेकांपासून तीन मीटरहून दूर असून चालत नाहीत. फेल्डवेगवरून, म्हणजे शेतातल्या वाटेवरून, ट्रॅक्टर रस्त्यावर वळतो तेव्हा अंधारात ते पिवळे ठिपके एकामागून एक पुढे सरकतात आणि शेवटचा ठिपका निघून गेला की रस्ता मोकळा झाला हे कळते.

हा शेवटचा ठिपका मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे फडातून ट्रॅक्टर सडकेवर येतो, त्याचे पुढचे दिवे रस्ता ओलांडून जातात आणि आडवा येणारा समजतो की गेला ट्रॅक्टर. पण त्याच्या मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर आडव्या असतात, पाचटाच्या रंगाच्या, धुळीच्या रंगाच्या, कुठेही न चमकणाऱ्या. या एका कारणाने किती घरे बसली असतील, हे आमच्या पट्ट्यातल्या कोणालाही विचारावे, प्रत्येकजण एकदोन नावे सांगेल.

इथे अशा नियमातून सवलत मागायला कोणी जात नाही. मुलगी चौथीत असताना शाळेत सायकलची परीक्षा होती. पोलीस आले आणि त्यांनी परीक्षेआधी प्रत्येक सायकल हातात घेऊन तपासली: पुढे पांढरा दिवा, मागे लाल, चाकांच्या आऱ्यांत पिवळे रिफ्लेक्टर, पायडलला पुढे-मागे पिवळे रिफ्लेक्टर. तिच्या डाव्या पायडलचा एक तुकडा निघून पडला होता. सायकल बाजूला ठेवली गेली आणि ती दुसऱ्या मुलाची सायकल मागून परीक्षेला बसली. घरी येऊन ती रडली, पण मी तिच्या बाजूने बोललो नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एक चमकता तुकडा नाही म्हणून थांबवता येते, तर वीस टन ऊस घेऊन रात्री निघालेल्या माणसाला का थांबवता येऊ नये, असे मी दादाला फोनवर विचारले होते. त्यावर तो म्हणाला, "तुमच्या पोरीला खेपेचं पैसं मिळत न्हाईत." हे खरे आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे त्या वेळी नव्हते. खेपेवर पोट असलेला ड्रायव्हर दोन-दोन रात्री जागतो, काट्याच्या रांगेत स्टिअरिंगवर डोके टेकून झोपतो, हे मी पाहिलेले आहे. पण दोन ट्रॉल्यांना पुरेल एवढ्या लाल रिफ्लेक्टर-पट्टीचा खर्च त्याच्या माथी मारू नका, तो कारखान्याने करावा, अशी मागणी दादाने केली असती तर मी पहिला अंगठा दिला असता. पट्टीच नको, ही मागणी त्या ड्रायव्हरच्या भल्याची नाही. आणि टायरच्या बैलगाडीवर उसाच्या ओझ्यावर बायको-पोरे बसवून पहाटे निघालेल्या बीडच्या तोडणी मजुराच्या तर मुळीच नाही, कारण मागून गाडी आली की आधी तोच सापडतो.

दादाची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. ट्रॉलीच्या मागचा दिवा टिकत नाही. ट्रॅक्टरपासून मागच्या ट्रॉलीपर्यंत गेलेली वायर उसाच्या टोकांनी तुटते, ट्रॉली पालटताना सॉकेट निघते, पावसापाण्याने गंजते. पण नेमक्या याच कारणाने रिफ्लेक्टर हवा. त्याला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि ट्रॅक्टर सोडून नेला तरी तो आपले काम करत राहतो. त्यात स्वतःचा उजेड नसतो. काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात आणि ज्या दिशेने प्रकाश आला त्याच दिशेने ते तो परत पाठवतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती एक मळकी लाल पट्टी दिसते. दिवा लावून मागून येणाऱ्याला मात्र ती पेटलेली दिसते. ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्याला आपली पट्टी कधीच चमकताना दिसणार नाही. 'काय उपयोग, काही दिसत नाही,' असे जे ग्रुपवर एकाने लिहिले, ते त्यामुळेच लिहिले असावे.

आणि 'डोळे उघडे ठेवा' या वाक्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण ते मला तोंडावर ऐकवले गेलेले आहे. मागच्या जानेवारीत दादा मला न्यायला पुण्याला आला होता. परत येताना गाडी मी चालवत होतो. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आष्ट्याच्या पुढे समोरून एक टेम्पो वरचा दिवा लावून आला, गेला आणि त्याच्या मागे जो काळोख उरला त्यात मी तसाच पुढे गेलो. दादाने डॅशबोर्डवर हात आपटला, "आरं ट्रॉली हाय म्होरं!" मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेटच्या पुढे हातभर अंतरावर उसाची कापलेली पांढरी टोके काचेच्या उंचीला होती. ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, ट्रॅक्टर चाक घेऊन गेला होता, मागे तीन दगड आणि बाभळीची एक फांदी टाकलेली होती. ती फांदी माझ्या चाकाखाली आली होती. ताशी साठने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर कापते. दादाने हाक मारायला एक सेकंद उशीर केला असता तर हे लिहायला मी नसतो.

मी थरथरत होतो. दादा शांत होता. मी विचारले, तुला कशी दिसली? तो म्हणाला, "दिसाय कशाला पायजे? वास आला की उसाचा. हंगामात वास आला की गाडी असणारच." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुझं डोळं तिकडचं झाल्यात."

हे वाक्य वर्षभर माझ्याबरोबर आहे. तो खरे बोलला. विसाव्या वर्षी मीही याच रस्त्यावरून रात्री बिनादिव्याचा ट्रॅक्टर नेत होतो आणि वळण कुठे, ओढा कुठे, कोणाची गाडी कुठे उभी असेल हे मला अंगाने कळत होते. तो अंधार माझ्या ओळखीचा होता. आता तो मला ओळखत नाही. माझे डोळे त्रिकोणांना आणि पिवळ्या ठिपक्यांना सरावले आहेत. त्यांच्याशिवाय मला माझ्या स्वतःच्या गावची वाट दिसत नाही, आणि हे कबूल करताना वाईट वाटते. पण म्हणूनच मी विचारतो, रस्ता फक्त वास ओळखणाऱ्यांचा आहे का? त्याच रस्त्याने दुधाची गाडी जाते, कर्नाटकातला ट्रक जातो, सांगलीच्या दवाखान्यात बाळंतिणीला घेऊन कोणी अनोळखी माणूस जातो. त्यांनी आमच्या हंगामाचा वास शिकून मगच सडकेवर यायचे का?

एरवी आमची माणसे परक्याची इतकी काळजी घेतात की इथे मी ती रोज आठवतो. दिवसा मोटारसायकलचा दिवा चालू राहिला तर समोरून येणारा प्रत्येकजण पंजा उघड-मीट करून खूण करायचा, साइड स्टँड खाली असेल तर मागचा ओरडून सांगायचा, ओढणी चाकाकडे गेली की चौक थांबायचा. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा आपोआप चालू राहील असा नियम झाला, तेव्हाही पहिले वर्षभर लोक खुणा करतच होते. इथे पंधरा वर्षांत मला एकाही अनोळखी माणसाने अशी खूण केलेली नाही. नियम सगळे पाळतात, पण हाक कोणी मारत नाही. ज्या गावात दिवसा जळणाऱ्या दिव्यासाठी अनोळखी माणसाला हाक मारतात, त्या गावाने रात्री न दिसणाऱ्या ट्रॉलीसाठी 'डोळे उघडे ठेवा' म्हणावे, हे मला पटत नाही, कारण ते आमचे बोलणे नव्हे.

आमच्या आबांची बैलगाडी होती. अंधार पडायच्या आधी ते कंदिलाची काच राखेने पुसत आणि कंदील गाडीच्या आखाखाली टांगत. गाडी चालली की तो हलायचा आणि चाकांच्या सावल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना मोठ्या-लहान होत जायच्या. तो उजेड बैलांना लागत नव्हता, ते वाट ओळखून होते. आबांनाही लागत नव्हता. ते बहुतेक वेळा गाडीतच डुलकी घेत. मी एकदा विचारले होते तेव्हा ते म्हणाले होते, "मागनं येणाऱ्याला." दादाही तेव्हा त्याच गाडीत होता, माझ्या शेजारी, गोणपाटावर.

रविवारी मी त्याला फोन केला आणि ही आठवण काढली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की पट्ट्या लावून झाल्या, काट्यावर घेत नाहीत म्हटल्यावर न लावून करणार काय. पण ऊस मागे दोन-दोन हात बाहेर येतो, मोळ्या बांधलेले वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, आणि पाचट लोंबते आणि पट्टी झाकून जाते. मी म्हणालो, खाली चॅसीच्या आडव्या पट्टीवर लाव, तिथे ऊस येत नाही. तो म्हणाला, तिथे चिखल बसतो, दर खेपेला पुसावी लागेल, पुसायची कोणी? मी म्हणालो, जानेवारीत येतो आहे, तेवढे दिवस मी पुसेन.

"आधी ये तर खरं," तो म्हणाला.