झिलईचा रंग बघून विष ओळखता येत नाही

‘रंगीत, चकचकीत चिनी मातीची भांडी म्हणजे मंद विष. हिरवी-निळी आजच फेका. पांढरी आणि हातानं घडवलेली पारंपरिक भांडी नैसर्गिक, म्हणून निर्धोक. शंका असेल तर लिंबू चोळा, रंग उतरला नाही तर बिनधास्त वापरा.’ हा निरोप घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्यामागची काळजी खरी आहे, पण तो बोट दाखवतो ते भलत्याच भांड्याकडे.

आधी रंगाचं. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. गारेची पूड हा तिचा मुख्य घटक. ती ओघळू नये म्हणून चिनी माती आणि कमी आचेत वितळावी म्हणून एखादा फ्लक्स. रंगाला फार थोडं ऑक्साइड पुरतं: कोबाल्टनं निळा, लोखंडानं मधासारखा पिवळट ते थेट काळा, तांब्यानं हिरवा आणि भट्टीत हवा कमी पडू दिली तर त्याच तांब्यानं लाल. विषाची मुख्य शंका घ्यायची ती फ्लक्सबद्दल. शिसं हा जुना, सोयीचा फ्लक्स. हजार अंशांच्या आतच झिलई वितळते आणि झळाळी सुरेख येते. अशी झिलई मुळात बिनरंगी असते. पांढऱ्या अस्तरावर ती दिली की भांडं पांढरंच दिसतं. म्हणून ‘पांढरं ते निर्धोक’ हे त्या निरोपातलं सगळ्यात घातक वाक्य आहे.

हिरव्याबद्दल थोडं तथ्य आहे. शिशाच्या झिलईत तांबं पडलं की आंबट पदार्थात शिसं कितीतरी जास्त सुटतं. पण फेल्डस्पार (एक खनिज, शिशाऐवजीचा फ्लक्स) आणि चुन्याच्या झिलईचा, १२०० अंशांच्या वर नीट भाजलेला हिरवा मग त्यात येत नाही. भडक लाल-केशरीत कॅडमियम असू शकतं, तिथे चौकशी जरूर करावी.

‘पारंपरिक म्हणून निर्धोक’ हेही टिकत नाही. मेक्सिकोत शिशाच्या झिलईची परंपरा शतकांची आहे आणि तिथल्या शिसेबाधेचं ते एक मोठं कारण आहे. जयपूरच्या ब्लू पॉटरीच्या जुन्या झिलईतही शिशाचं ऑक्साइड असतं. ती शोभेला सुंदर, जेवायला नको. उलट आपली वर तपकिरी, खाली पांढरट अशी लोणच्याची बरणी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या कडक मातीची असेल, तर तिला शिशाची गरजच पडत नाही. बरणी उपडी करा आणि बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर माती कडक भाजलेली आहे. झटकन जिरला तर भांडं कमी आचेचं आहे. त्यावरून शिसं सिद्ध होत नाही, पण त्यात लोणचं, कोकमाचं आगळ किंवा ताक ठेवू नये.

आता लिंबू. रात्रभर ठेवलेल्या फोडीखाली झिलई फिकी पडली तर ती कच्ची आहे, एवढं नक्की. पण डाग पडला नाही म्हणून शिसं सुटत नाही असं ठरत नाही. विरघळलेल्या शिशाला रंग नसतो, चवही कळत नाही. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसिटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवतात आणि त्यात उतरलेलं शिसं यंत्रानं मोजतात. अमेरिकेत कप आणि मगांसाठी मर्यादा आहे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. ते डोळ्यांना कसं दिसणार? मॉन्ट्रियलमध्ये मातीच्या झिलईदार भांड्यात साठवलेला सफरचंदाचा रस पिऊन एक लहान मूल शिसेबाधेनं गेलं. १९७० साली ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

भांडं आधी उकळून घेतलं की शिसं निघून जातं, असंही काहीजण खाली जोडतात. जात नाही, झिलईत शिसं आहे तोवर ते सुटत राहू शकतं. विकत घेताना कुंभाराला किंवा दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: किती अंशांवर भाजलं, आणि आम्लाच्या चाचणीचा अहवाल आहे का. उत्तर मिळालं नाही तर त्या भांड्यात फुलं ठेवा आणि लोणच्याला काचेची बरणी घ्या.