टॉर्टी बोक्याला बंदी कशासाठी?

मांजरांच्या टोळ्यांचं रोलप्ले (प्रत्येकाने एका मांजराचं पात्र घेऊन मिळून कथा रचण्याचा खेळ) खेळणाऱ्यांत एक नियमावली बरीच फिरते. तिचा सारांश असा: टॉर्टी (काळ्या-केशरी चट्ट्यांचा) किंवा कॅलिको (त्यात पांढराही असलेला) बोका अशक्य, केशरी मादी अशक्य, पांढरं आणि निळ्या डोळ्यांचं मांजर बहिरंच, अर्धा काळा-अर्धा केशरी चेहरा म्हणजे कायमेरा (दोन भ्रूण एकत्र येऊन बनलेलं मांजर), आणि दुर्मिळ रंग निवडणारा खेळाडू केवळ भाव खाण्यासाठी तो निवडतो. नवख्यांची पात्रं हिच्यावर बोट ठेवून नाकारली जातात. नियम कडक असायला हरकत नाही. पण विज्ञानाचा हवाला द्यायचा तर ते विज्ञान तरी बरोबर हवं.

बोक्यापासून सुरुवात करू. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मांजरीला दोन एक्स असतात. एकावर केशरी आणि दुसऱ्यावर बिगरकेशरी जनुक आलं, तर गर्भातच प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स बंद पडतो आणि अंगावर दोन्ही रंगांचे चट्टे उमटतात. बोक्याला एकच एक्स, म्हणून साधारणपणे दोहोंपैकी एकच रंग. या ‘साधारणपणे’ला नियमावलीत जागाच नाही. एक्स-एक्स-वाय अशी गुणसूत्रं घेऊन जन्मलेला बोका टॉर्टी होऊ शकतो, आणि तो बहुतेकदा वंध्य असतो. कायमेरा असणं किंवा वाढत्या गर्भातल्या एखाद्या पेशीत झालेला बदल, हेही मार्ग आहेत. या दोन मार्गांनी टॉर्टी झालेल्या बोक्याला पिल्लं होऊ शकतात. म्हणजे टॉर्टी बोका घेऊन आलेल्याला ‘अशक्य’ म्हणून परत पाठवण्याऐवजी विचारायला हवं, याला पिल्लं होणार आहेत का? नेतेपद बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या टोळीत एकुलता वारस वंध्य निघाला, तर अख्ख्या हंगामाचं कथानक तिथेच तयार आहे. बंदी घालणाऱ्यांनी नेमकं तेच हातचं घालवलं.

केशरी मांजरीबद्दलचा नियम तर सरळ चूक आहे. केशरी मांजरांत साधारण पाचातलं एक मादी असतं. तिला दोन्ही एक्सवर ते जनुक लागतं, म्हणजे बाप केशरी जनुकाचा हवाच आणि आईकडेही निदान एक प्रत हवी. आता टोळीतल्या काळ्या बोक्याची म्हणून ओळखली जाणारी मुलगी पूर्ण केशरी निघाली, तर तिचा बाप दुसराच कुणीतरी आहे! (बाप पांढराशुभ्र असेल तर गोष्ट वेगळी. पांढरा रंग खालचा खरा रंग झाकतो, त्यामुळे संशय घ्यायलाही जागा राहत नाही.)

पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण खरंच मोठं आहे: दोन्ही डोळे निळे असतील तर अंदाजे 65 ते 85 टक्के, एकच निळा असेल तर सुमारे 40. पण उरलेल्यांना ऐकू येतं, आणि काहींचा एकच कान निकामी असतो. सयामीसारख्या मांजरांच्या निळ्या डोळ्यांचा तर बहिरेपणाशी संबंधच नाही.

दुभंगलेल्या चेहऱ्याचं उत्तर थोडक्यात: बहुतेकदा ती साधी टॉर्टी असते. कुठल्या पेशीत कोणता एक्स बंद पडेल हे नशिबावर असतं; एखादीच्या नाकावर रेघ मारल्यासारखी सीमा येते, इतकंच. डिसेंबर 2001मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेलं पहिलं क्लोन मांजर, सीसी, हे रेनबो नावाच्या कॅलिको मांजरीच्या पेशीपासून बनवलेलं होतं. तरी तिच्या अंगावर केशरी रंग नव्हता. क्लोनसुद्धा रंगात मूळ मांजरीसारखं निघालं नाही, तर चेहऱ्यावरून कायमेरा ओळखण्याची घाई कशाला?

राहिला भाव खाण्याचा आरोप. तो काही जणांना लागू पडतो. सोनेरी पंजे, दोन रंगांचे डोळे आणि वर चांदणीसारखा ठिपका, आणि यातल्या कशाचाही कथेवर परिणाम शून्य, अशी पात्रं मलाही कंटाळवाणी वाटतात. पण दोष रंगाचा नाही. शिवाय दुर्मिळपणा कायमचा नसतो. आज युरोपात सर्रास दिसणारे मोठ्या भोवऱ्यांचे पट्टे मध्ययुगात विरळ होते. फिनलंडमध्ये 2007च्या सुमारास लक्षात आलेली सालमियाक नक्षी घ्या. तिच्यात काळा केस टोकाकडे पांढरा होत जातो. 2024मध्ये जाहीर झालेल्या संशोधनानुसार तिचं कारण किट या जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा गळालेला असणं, आणि नक्षी दिसायला हा बदल आई-बाप दोघांकडून यावा लागतो. बाहेरचं रक्त न येणाऱ्या, आपापसात नाती जुळणाऱ्या बंदिस्त टोळीत असे सुप्त गुण वर यायची शक्यता वाढते. रोलप्लेतल्या बहुतेक टोळ्या अशाच असतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकही विचित्र नक्षीचं पिल्लू न निघणं मला जास्त खटकतं.

खोड काढायचीच असेल तर सयामी पिल्लाची काढा. त्यांचा रंग शरीराच्या थंड भागांवर चढतो, आणि गर्भ उबदार असल्याने ती जवळजवळ पांढरी जन्मतात. तरी जन्मल्या क्षणी काळा चेहरा आणि काळे कान घेऊन आलेलं पिल्लू किती कथांत बिनबोभाट पास होतं, आणि नियमावलीत त्याबद्दल एक ओळ नाही.