टचपॅडच्या अंगात येतं तेव्हा

लॅपटॉपचा टचपॅड एकदाचा मेला असता तर परवडलं असतं. मेलेली वस्तू दुकानात न्यायची, पैसे मोजायचे, विषय संपला. आमचा मेला नव्हता, त्याच्या अंगात यायचं. म्हणजे सकाळी अगदी सरळ चालणार, आणि तास-दीड तासाने अचानक बाण थरथरायला लागणार, मी डावीकडे नेतोय तर हा वर पळणार, एक बोट टेकवलं तर त्याला दोन वाटणार आणि पान भसकन झूम होणार, आणि आपण काही न करता आपोआप डबल क्लिक. आता एक्सेलमधे सेलच्या खालच्या कडेवर डबल क्लिक झालं की खाली रिकामं असेल तर माणूस थेट तळाला जातो, म्हणजे ओळ नंबर १०,४८,५७६. हे ज्ञान मला टचपॅडने दिलं. आमच्या ऑफिसच्या शीटमधे दोनशेव्या ओळीपलीकडे मनुष्यवस्ती नाही.

त्यात मी अकाउंट्सवाला, डोंबिवलीत घरून काम. २० तारखेला जीएसटीचा थ्री-बी, म्हणजे महिन्याचा रिटर्न, भरायचा असतो आणि अशा वेळी बाण "सेव्ह" वर जायच्या ऐवजी "रिसेट" च्या आसपास घुटमळायला लागला ना, की पोटात गोळा येतो.

माउस का नाही घेतला, हे विचारणारे लोक असतात. घेतला ना! पण माउस जोडला तरी टचपॅड गप्प बसत नाही, मी माउसने उजवीकडे नेतोय आणि हा तिकडून त्याच बाणाला ओढतोय. माउस जोडला की टचपॅड बंद, अशी सेटिंग विंडोजमधे असते, तीही सापडली, पण तोवर प्रश्न तत्त्वाचा झाला होता. माझ्याच लॅपटॉपचा टचपॅड मीच नजरकैदेत का ठेवायचा? शिवाय माउसला सपाट जागा लागते, आणि आमच्या घरात सपाट जागा दिसली की तिथे कोणीतरी पापड वाळत घालतं.

मग सल्ले. आजारी माणूस आणि बिघडलेला लॅपटॉप यांच्याबद्दल महाराष्ट्रात प्रत्येकाला कळतं. आई म्हणाली, "अरे, तेलकट हाताने बसतोस, हात पुसून बस आधी." ही एकच सूचना अशी होती जिच्यात तथ्य होतं, कारण ओल्या-दमट बोटांनी टचपॅड खरंच गोंधळतो, पण मी पुसले, धुतले, पावडर लावली, बाण नाचतोच आहे. बाबांचं म्हणणं की डेस्कटॉप घ्यायला मी तेव्हाच सांगत होतो. तेव्हाच म्हणजे केव्हा, हे विचारायची सोय नाही. मेहुण्यांनी मात्र घाबरवलं, "बॅटरी फुगली असेल बघ, टचपॅडच्या खालीच असते." आणि हे काही उगाच नाही, लिथियम बॅटरी गॅस धरून फुगते, तेव्हा पहिला टचपॅड वर उचलला जातो, क्लिक कडक होतं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, आणि मग तो दाबूनबिबून खाली बसवायचा नसतो, चार्जिंग बंद करून सरळ दुकान गाठायचं. मी तो डायनिंग टेबलावर ठेवून चारी कोपरे दाबून बघितले. डुगडुगलं ते टेबल.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो आला आणि न बघताच म्हणाला, "मामा, ड्रायव्हरचा इश्यू आहे." ड्रायव्हर म्हणजे टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, आणि या पिढीला पोट दुखलं तरी ड्रायव्हरचाच इश्यू असतो. आधी त्याने एफ-रांगेतलं ते बारीक चित्राचं बटण दाबून बघितलं, मग डिव्हाइस मॅनेजर उघडला, तोही कीबोर्डवरून, विंडोज आणि एक्स दाबायचं, मग एम, मग बाणाच्या बटणांनी खाली खाली. तिथे "ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस" नावाची एक चाळ आहे, तिच्यात "एचआयडी-कम्प्लायंट" आडनावाची बरीच बिऱ्हाडं, यातला आपला कोण हे देव जाणे. त्याने एकाला अनइन्स्टॉल केलं, रिस्टार्ट केलं, तो जसाच्या तसा परत हजर. मग त्याने खरंच डोकं लावलं, म्हणाला बायोसमधे, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या प्रोग्राममधे, जाऊन बघू, तिथे विंडोज नसतंच, तिथे बाण नीट चालला तर दोष विंडोजचा. आमच्या बायोसमधे बाण चालतो. चालतो कसला, तिथेही थयथयाट! "मग हार्डवेअर," असं म्हणून भाचा पोहे खाऊन गेला.

दुकानात नेला. दुकानातल्या पोराने बॅगेतून काढला, सुरू केला, बोट फिरवलं, बाण काचेवरून पाणी ओघळावं तसा सुळकन गेला. "साहेब, चांगला चालतोय की." मी फिरवून बघितला. चालतोय. मी म्हटलं जरा वेळ थांबा, आत्ता येईल अंगात. तो बिचारा थांबला, मागे दोन गिऱ्हाइकं उभी, तिघंही माझ्याकडे बघतायत. नाही म्हणजे नाहीच आलं. घरी येऊन चार्जर लावला, की पुन्हा सुरू. आमच्या लहानपणी डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरायचा, ते तरी वयाला शोभून दिसायचं.

उलगडा केला तो गीझरसाठी आलेल्या वायरमनने. तो बोर्ड उघडायच्या तयारीत होता आणि वाटेत माझा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला, त्याने जाता जाता पालथ्या हाताची बोटं झाकणावरून हळूच फिरवली. "दादा, झिणझिण्या येतात बघा. अर्थिंग नाही तुमच्याकडे." मग त्याने सॉकेट खोलून दाखवलं. थ्री पिनच्या वरच्या जाड पिनेसाठी भोक आहे, भोकाच्या मागे हिरवी वायर आहे, ती चार बोटं पुढे जाते आणि तिथे तिला काळी टेप गुंडाळून दुमडून ठेवलेली. पुढे काही नाही. बिल्डिंग झाल्यापासून ती तशीच, कुठेही न जाणारी.

मग सगळं डोक्यात बसलं. चार्जरच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून किंचित करंट पलीकडे झिरपतो, अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो, नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर शे-सव्वाशे व्होल्ट नुसते तरंगत राहतात, करंट नगण्य म्हणून झिणझिण्यांवर भागतं. आणि टचपॅड काय मोजतो, तर बोट आल्यावर कपॅसिटन्समधे, म्हणजे विजेचा भार साठवायच्या क्षमतेत, होणारा फरक, तोही पिकोफॅरडच्या हिशोबात, म्हणजे एका फॅरडचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. एवढं बारीक ऐकणाऱ्याच्या कानाशी आपण एमएसईबीची लाइन गुणगुणत ठेवलेली. सकाळी बॅटरीवर असायचा म्हणून शहाणा, दुकानात बॅटरीवर म्हणून शहाणा.

वायरमनने तात्पुरता उपायही सांगितला, डावा हात लॅपटॉपच्या धातूच्या कडेला टेकवून ठेवा. म्हणजे तुम्ही आणि लॅपटॉप एकाच पातळीवर. खरंच बाण जागच्या जागी! त्यामुळे त्या महिन्याचा थ्री-बी मी एका हाताने भरला. बायको चहा ठेवायला आली आणि म्हणाली, "दक्षिणा किती ठेवू?"

खरं काम बिल्डिंगच्या अर्थिंगच्या खड्ड्याचं होतं. हा खड्डा मागच्या बाजूला असतो, त्यात प्लेट पुरलेली, भोवती मीठ आणि कोळसा, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं. आमच्या खड्ड्यावर सोसायटीने पेव्हर ब्लॉक बसवलेत. सेक्रेटरी काकांकडे गेलो तर म्हणाले, "लॅपटॉप हा सभासदाचा वैयक्तिक विषय आहे." मी म्हटलं, काका, तुमच्या वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिणतं का? ते काही बोलायच्या आत काकू आतून ओरडल्या, "सहा महिने सांगतेय यांना! म्हणतात, चपला घालून धूत जा!"

दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ नोटीस लागली. येत्या रविवारी अर्थिंगचा खड्डा उघडण्यात येईल, सभासदांनी दुचाक्या हलवाव्यात, आणि काम पूर्ण होईपर्यंत वॉशिंग मशीन, फ्रिज व लॅपटॉप चपला घालूनच वापरावेत. आदेशावरून.