मी ओतून दिलेलं दूध

सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी आठवा लागता लागताच झाली. वजन दीड किलो. ती काचेच्या पेटीत, नाकात नळी. दर दोन तासांनी तिला जेमतेम पाच-सहा मिली दूध लागायचं आणि मला पान्हा असा यायचा की पदर भिजायचा. सिस्टरनी दूध हातानं पिळायला शिकवलं. लेकीपुरतं वाटीत घ्यायचं, उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं.

शेजारच्या पेटीत जुळी होती. त्यांच्या आईला बाळंतपणात झटके आले म्हणून तिला दुसऱ्या शहरात हलवलेलं. बाळं इथे, आई तिथे. त्यांना पावडरचं दूध चालू होतं. त्यांची आजी एकदा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पोरी, तुझं ओतून जातंय, माझ्या नातवंडांना दे की गं."

मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले आणि त्यांचं बरोबरच होतं. दुधातून एचआयव्हीसारखा संसर्ग जाऊ शकतो, न तपासलेलं दूध दुसऱ्याच्या बाळाला देता येत नाही. पण तपासून देण्याची सोय त्या इमारतीत नव्हती, याचा राग मला आजही येतो.

कारण ही सोय काही नवी नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. तीही महापालिकेच्या रुग्णालयात, गरिबांच्या बाळांसाठी! पद्धत समजायला सोपी आहे. दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी करायची, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून झटकन गार करायचं, त्यात जंतू उरले नाहीत ना हे तपासायचं आणि उणे २० अंशांवर ठेवायचं. कमी दिवसांच्या बाळांची आतडी सडण्याचा जो भयंकर आजार असतो, तो पावडरपेक्षा या दुधावर कमी होतो.

मात्र नुसतं यंत्र आणून फीत कापायला माझा विरोध आहे. पेढीला आधी माणूस लागतो. रडणाऱ्या ओल्या बाळंतिणीजवळ बसून "येईल गं दूध, पुन्हा पिळून बघू" म्हणणारी, पगारावरची, रात्रपाळीलाही असणारी बाई. कारण पहिला हक्क बाळाच्या स्वतःच्या आईच्या दुधाचा, पेढीचं दूध त्यानंतर. केंद्राच्या २०१७ च्या सूचनांमध्येही मोठ्या रुग्णालयांत पूर्ण पेढी आणि लहान ठिकाणी आईचंच दूध काढून तिच्याच बाळासाठी साठवायचं युनिट, अशी मांडणी आहे. एक खोली, पंप, फ्रीज आणि ती बाई. एवढ्यानं सुरुवात होते.

"कुणाचं दूध, कुठल्या जातीचं?" असं घरचे विचारतात, हे मी ऐकलंय. रक्ताची बाटली लावताना कुणी विचारत नाही. मुस्लिम कुटुंबांत दूधनात्याचा, म्हणजे एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं मानण्याचा, प्रश्न श्रद्धेचा असतो; तिथे मोकळेपणानं बोलावं, घरच्यांची संमती घ्यावी, दडपू नये. आणि या दुधाचा बाजार होता कामा नये. मे २०२४ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही आईच्या दुधाची विक्री चालणार नाही असं स्पष्ट बजावलंय.

चौथ्या दिवशी त्या जुळ्यांपैकी एकाचं पोट फुगलं आणि त्याला ॲम्ब्युलन्सनं मोठ्या शहरात नेलं. पावडरमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. आजी दुसऱ्या नातवाजवळ थांबली होती. त्या रात्रीही मी उरलेलं दूध ओतून दिलं, तिची नजर चुकवून.

आपल्या जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागणारं पत्र मी लिहितेय. ज्यांना सही करायचीय त्यांनी खाली आपलं गाव लिहा. कमी दिवसांचं बाळ सांभाळलेल्या आयांनी तर नक्की लिहा.