आडवा पाऊस

मी मालवण तालुक्यातला. त्यामुळे पावसाविषयी मला कोणी काही सांगायला लागलं की मी मान डोलावतो आणि मनातल्या मनात हसतो. मुंबईचा पाऊस, पुण्याचा पाऊस हे माझ्या लेखी हौशी कलाकारांचे प्रयोग. म्हणून आयर्लंडला निघायच्या आधी गॉलवेहून लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, इथे पाऊस असतो हं, टोपीवालं जॅकेट घ्या," तेव्हा मी शांतपणे विचारलं, "किती पडतो?"

"वर्षाला बाराशे मिलिमीटर असेल."

मी फोन तोंडापासून लांब धरून हसून घेतलं. एवढा पाऊस आमच्याकडे एखादा चांगला जुलै एकटा पाडून मोकळा होतो. आंबोलीला तर मोसमात सहा-सात हजार मिलिमीटर कोसळतो. लेक पुढे म्हणत होती की तिकडे पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले सव्वादोनशे दिवस पावसाचे असू शकतात. ते मी नीट ऐकलं नाही. ऐकलं असतं तर लक्षात आलं असतं की आपला पाऊस एकरकमी असतो आणि तिथला हप्त्याने, आणि हप्तेवाला दारातून कधीच हलत नाही.

"जॅकेट नको," मी म्हणालो, "माझी छत्री आहे." वाकड्या लाकडी मुठीची, काळी, वडिलांच्या वेळच्या बनावटीची. गणपतीचं विसर्जन उरकलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बायको, मी आणि छत्री असे तिघे निघालो.

डब्लिनला उतरून बसने गॉलवे. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे आख्खा देश आडवा ओलांडायचा, तर अंतर दोनशे किलोमीटर आणि वेळ अडीच तास. एवढ्या वेळात आमची एसटी फोंडा घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलेली असते. गॉलवेत टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने गाव विचारलं. मी जरा भाव खाऊन सांगितलं की तुमच्या पंतप्रधानांचे वडील आमच्याच तालुक्यातले, वराड गावचे. तेव्हा लिओ वराडकर पंतप्रधान होते. झालं! गृहस्थ आरशातून माझ्याकडे बघत विचारायला लागले, मग तुम्ही ओळखत असाल, घर कुठे आहे, शेजार कोणाचा, कधी आले होते. मी म्हणालो, 2019 च्या डिसेंबरात आले होते, गावाने जंगी स्वागत केलं. मी तिथे नव्हतो हे सांगितलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या बायकोच्या चुलत भावापासून सुरुवात करून स्वतःलाही वराडकरांपर्यंत तीन उड्यांत नेऊन पोचवलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. समोरच्याचं नातं कुठेतरी जोडल्याशिवाय पुढचं वाक्य न बोलण्याचा रोग फक्त मालवणातच आहे अशी माझी समजूत होती.

उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. टॅक्सीवाल्याने आभाळाकडे बघितलं आणि भात लावणीला आल्यावर शेतकरी बोलतो तशा समाधानाने म्हणाला, "सॉफ्ट डे, थँक गॉड."

हा शब्द पुढे आठ दिवस ऐकला. सॉफ्ट डे म्हणजे ज्या दिवशी पाऊस पडतोय असं म्हणता येत नाही, पण तुम्ही भिजलेले असता. त्याच्या वरची पायरी म्हणजे 'ग्रँड'. तो शब्द सगळ्यालाच चालतो. कसे आहात? ग्रँड. चहा कसा? ग्रँड. तुमची टोपी नदीत गेली. ग्रँड.

दुसऱ्या दिवशी शहर बघायला निघालो. गॉलवे तसं लहान. मधून कॉरिब नदी जाते. सरोवरातून निघून समुद्राला मिळेपर्यंत तिची सगळी लांबी सहा किलोमीटर, पण अशी धावते की जणू शेवटची गाडी सुटतेय. नदीच्या मुखाशी 1584 साली बांधलेली स्पॅनिश आर्च. नाव भव्य, वस्तू मात्र तटबंदीला राहिलेल्या दोन कमानी. पोरं तिच्यापुढे हिरवळीवर बसून ओल्या गवतावर ओली पँट ठेवून गप्पा मारत होती. शॉप स्ट्रीट आणि क्वे स्ट्रीटवर दर वीस पावलांना कोणीतरी गात किंवा वाजवत उभं. पावसाचा त्यांच्या ताल-सुरावर काही परिणाम नव्हता. गिटारच्या पेटीत पैशांबरोबर पाणीही साचत होतं.

पलीकडचा क्लाडा हा जुना कोळीवाडा. तिथली अंगठी प्रसिद्ध: दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट. बायकोने लगेच घेतली, घातली. दोन दिवसांनी लेकीने बघितलं आणि ती खो खो हसायला लागली. हृदयाचं टोक बोटाच्या टोकाकडे असलं की बाई मोकळी आहे, स्थळं बघतेय, असा तिथला संकेत. टोक आपल्याकडे वळवलं की मामला ठरलेला. म्हणजे गेले दोन दिवस बायको गॉलवेभर लग्नाला उभी होती. "तरीच," ती म्हणाली, "तो सोडा ब्रेडवालो माका बरो हसत होतो."

छत्रीचं मात्र सॉल्टहिलला झालं.

सॉल्टहिल म्हणजे गॉलवेची चौपाटी. समुद्राकाठचा लांब फरसबंद रस्ता, त्याच्या टोकाला ब्लॅकरॉकचा पिवळा उड्या मारायचा मनोरा. तिथे आजीच्या वयाच्या बायका ऑक्टोबरात, पावसात, अटलांटिकमध्ये उड्या मारतात आणि वर येऊन म्हणतात, ग्रँड. रस्ता संपतो तिथल्या भिंतीला लाथ मारून मागे फिरायचं अशी प्रथा आहे. का मारायची हे मी चौघांना विचारलं, चौघांनी पाच कारणं सांगितली.

पाऊस वरून खाली येतो ही माझी बासष्ट वर्षांची श्रद्धा. सॉल्टहिलला तो अमेरिकेच्या बाजूने आला, गुडघ्याच्या उंचीवर. छत्री वर धरली तर पोट भिजतं, पुढे धरली तर समोरचं दिसत नाही, आणि समोरून एक बाबागाडी येत होती. मी छत्री ढालीसारखी पुढे करून चालत असताना वारा दिशा बदलून मागून आला. छत्रीने आधी मान टाकली, मग ती उलटी झाली, आणि क्षणात मेलेल्या कोळ्यासारखे सगळे पाय आभाळाकडे करून पडली. वडिलांच्या वेळची बनावट! नेऊन कचरापेटीत ठेवली. आत आधीच दोन मयत छत्र्या होत्या. कुठल्या देशाच्या कोण जाणे, पण गॉलवेकराच्या नक्की नव्हत्या. गॉलवेकर छत्री बाळगत नाही. तो नुसता खांदे जरा वर घेतो.

बायकोने विचारलं, "ह्यो पाऊस पडता की उडता?" मी उत्तर न देता भिंतीला लाथ मारली. मनापासून मारली.

मग टोपीवालं जॅकेट घेतलं. किंमत सांगत नाही, बायको हा लेख वाचणार आहे.

तिसऱ्या दिवशी मोहरचे कडे. गॉलवेहून दिवसभराची बस जाते. चालक तोच मार्गदर्शक, तोच गायक. वाटेत बरेन नावाचा खडकाळ मुलूख लागतो. तिथे मात्र मी खिडकीला नाक लावून बसलो, कारण हा तर आपला सडाच! आपला जांभ्याचा, त्यांचा चुनखडीचा, आपला काळा-तांबूस, त्यांचा राखाडी. पण तसंच मैलोन्‌मैल उघडं कातळ आणि फटीफटीतून हिरवं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेतला लडलो नावाचा अधिकारी म्हणून गेला की या मुलखात माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. माणसाचं काय करावं याचे तीनच प्रकार सुचणारा अधिकारी! आमच्या सड्यावर तो आला असता तर आजीने त्याला पावसानंतरची फुलं दाखवली असती आणि वर करवंदं दिली असती. पोलनाब्रोनला पाच हजार वर्षांहून जुनं दगडी थडगं आहे: उभे दगड आणि वर तिरपी फरशी. पाऊस आला तसे बसमधले आम्ही पंचवीस-तीस जण त्याच्याकडे एकाच नजरेने बघायला लागलो. आसरा म्हणून. पण भोवती दोरी होती.

आणि मग कडे. दोनशे चौदा मीटर उंच, सरळ अटलांटिकमध्ये उतरलेले. असं फलकावर लिहिलं होतं. मी सांगतोय ते फलक वाचून, कारण कठड्याशी उभं राहिल्यावर मला माझे बूट दिसत होते, त्यापुढे दूध. महाबळेश्वरला पावसाळ्यात गेलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. आर्थर सीट, केट्स पॉइंट, सगळीकडे तेच धुकं, फक्त मक्याचं कणीस बदलतं. इथे कणीसही नव्हतं. 1835 मध्ये बांधलेला ओब्रायनचा मनोरा मी हात लावून बघितला. दगडी आहे. खालून समुद्राचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

"तिकीट कसला काढलात?" बायको म्हणाली. "आवाजाचा?"

शेजारी एक जर्मन जोडपं धुक्यात तिवई लावून फोटो काढत होतं. त्यांच्याकडे बघून जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पबमध्ये गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा जण फिडल, बासरी, बोकडाच्या कातड्याचा बोद्रान नावाचा डफ घेऊन बसलेले. मंच नाही, माईक नाही. एकाने धरलं की दुसरा उचलतो, नवा आला की सरकून जागा देतात. थेट देवळातलं भजन! फक्त बुवांच्या समोर टाळाऐवजी काळी बिअर. मीही मागवली. ग्लास पाऊण भरला, मी हात पुढे केला. बारवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नैवेद्य दाखवायच्या आधी मोदक उचलला. ती निवळू द्यायची, मग वर भरायची. शेजारी कालवं आली, कच्ची, बर्फावर, लिंबाबरोबर. आमच्याकडे कालवं खाडीतल्या खडकावरून फोडून आणतात आणि त्यांचं व्यवस्थित वाटप लावून सुकं करतात. बायकोने ताटाकडे बघून हळूच विचारलं, यांच्या घरी गॅस गेला का? मी एक गिळलं. समुद्र गिळल्यासारखं लागलं. त्या दिवशी सकाळपासून मी तेच करत होतो म्हणा.

चौथ्या दिवशी जावयांनी कॉनेमाराला नेलं. गाडी डाव्या बाजूने हे आपल्या सोयीचं, पण रस्ता असा की आरसे मिटून घ्यावेत. दोन्हीकडे दगडी गडगे (हुबेहूब आमचे गडगे!), समोरून ट्रॅक्टर, मध्ये पाठीवर निळा-तांबडा रंग फासलेल्या मेंढ्या, आणि वेगमर्यादेचा फलक म्हणत होता ऐंशी. समोरचा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. जावई प्रत्येकाला परत बोट उचलत होते आणि प्रत्येक वेळी माझा जीव त्या बोटात. हा आयरिश भाषेचा मुलूख, पाट्याही त्याच भाषेत. रस्त्यावर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं 'गो मॉल' बायकोने वाचलं आणि ती सावरून बसली. थोड्या वेळाने परत 'गो मॉल'. तिने केस नीट केले. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिने विचारलं, "आणि किती लांब हा ह्यो मॉल?" त्याचा अर्थ 'हळू जा', आणि उच्चारही वेगळाच, हे जावयांनी सांगितल्यावर ती क्लिफडनपर्यंत बोलली नाही.

मी मात्र बॅलीनाहिंचपाशी हट्टाने गाडी थांबवली. हा वाडा 1924 मध्ये आपल्या रणजींनी विकत घेतला होता, सॅमन मासा गळाला लावायला. ज्यांच्या नावाचा करंडक, ते नवानगरचे जामसाहेब! आता हॉटेल आहे. मी फाटकाशी उभा राहून भिजत त्यांना मनातल्या मनात वंदन केलं. बॅट ठेवून दिल्यावरच ते इथे आले हे योग्य झालं; खेळाडू असताना आले असते तर आयुष्यभर पॅव्हेलियनमध्ये बसले असते.

क्लिफडनजवळ एक हिरवागार माळ दिसला. पाऊस दोन मिनिटं थांबला होता. फोटो काढायला मी रस्ता सोडून चार पावलं आत गेलो. पाचवं पाऊल घोट्यापर्यंत, सहावं गुडघ्यापर्यंत. ती दलदल होती, बॉग, जिच्यातून जळणाच्या पीटच्या विटा कापतात. मी पाय ओढला, पाय आला, बूट राहिला. जावयांनी पोटावर झोपून तो काढला आणि माझी समजूत घालायला म्हणाले, "बाबा, 1919 मध्ये ऑलकॉक आणि ब्राऊन न थांबता अटलांटिक ओलांडून पहिल्यांदा उडत आले ना, ते इथेच उतरले. त्यांनाही वरून हिरवळच वाटली. विमान नाकावर उभं राहिलं."

"त्यांचे बूट?" मी विचारलं.

घरी लेकीने माझे बूट हॉट प्रेसमध्ये ठेवले. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात कपडे वाळवतात. मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, चुलीवरच्या दोरीची आठवण काढली. तिसऱ्या दिवशीही बूट दमटच होते.

ऑक्टोबरच्या मध्याला घरी परतलो. दुपारी चारला परतीच्या पावसाने अंधार केला, विजा, गडगडाट, नारळाच्या झावळ्या आडव्या. वाडीतली माणसं छपरं शोधत पळाली. मी खळ्यात उभा, खांदे जरा वर घेऊन.

"अवो, आत येवा! काय येडे झालात?" बायको पडवीतून ओरडली.

"सॉफ्ट डे आसा गो," मी म्हणालो.